जुन्या जेटस्कीचं इंजिन बांधायचं का? पाना लावण्याआधी काय बघावं

गेल्या ऑगस्टात, नारळी पौर्णिमेला दोन दिवस असताना, मालवणजवळच्या देवबागचा एक तरुण टेम्पोत जेटस्की घालून माझ्या शेडवर आला. वर निळी ताडपत्री, तिच्यावर पाऊस. यामाहाची एक्सएल ७००, तीन सीटची, टू-स्ट्रोक, मागच्या मालकाकडून घेतलेली. ताडपत्रीची दोरी सोडायच्या आधीच त्याने विचारलं, "काकानू, इंजिन बांधून देवा. दिवाळेच्या आधी पाण्यात उतरवची आसा. किती खर्च येतलो?"

"आधी बघतंय, मगे सांगतंय," मी म्हटलं.

इंजिन बांधणं म्हणजे ते उघडून, खराब पार्ट बदलून परत जोडणं. हा प्रश्न मला दर पावसाळ्यात येतो. मेअखेरीला किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे धंदे बंद होतात ते थेट सप्टेंबरात उघडतात. त्या तीन महिन्यांत बंद पडलेल्या स्की शेडवर येतात आणि प्रत्येकाला एकच आकडा हवा असतो, इंजिनाचा. मी बावीस वर्षं हे काम करतोय, सुरुवात मच्छीमारांच्या ओबीएमपासून, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनांपासून केली. एवढ्या वर्षांत ज्यांचे पैसे बुडालेले पाहिले, त्यातल्या बहुतेकांचं इंजिन नीटच बांधलेलं होतं. स्कीच बांधण्यासारखी नव्हती. म्हणून इंजिनाचा आकडा मी सगळ्यात शेवटी काढतो.

(जेटस्की हे नाव खरं कावासाकीचं, १९७३ सालापासूनचं. यामाहाची ती वेव्हरनर, बॉम्बार्डियरची सी-डू. पण देवबागच्या पुळणीवर सगळ्याच जेटस्की, म्हणून मीही तेच लिहितो.)

इंजिन राहू द्या, आधी बॉडी

स्की टेम्पोतून उतरवायला किती माणसं लागली, ते मी बघतो. बॉडीच्या पोटात फोम भरलेला असतो, पाणी शिरलं तरी स्की बुडू नये म्हणून. बॉडीला कुठे बारीक तडा गेला की पाणी वर्षानुवर्षं त्या फोममध्ये मुरत जातं. ड्रेनची बुचं काढली तरी ते बाहेर येत नाही. अशी स्की पाण्यात खोल बसते, वेग घ्यायला उशीर लावते आणि इंजिनाला जन्मभर जादा ओझं ओढावं लागतं. तिच्यात नवंकोरं इंजिन घातलं तरी "काका, ओढत नाय" ही तक्रार पंधरा दिवसांत परत येते.

खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे वजन. भंगारवाल्याकडे किंवा काजूच्या वखारीत मोठा काटा असतो. पेट्रोल आणि पोटातलं पाणी काढून स्की काट्यावर चढवा आणि मॅन्युअलमधल्या कोरड्या वजनाशी ताडून बघा. पाच-दहा किलो इकडे-तिकडे चालतं. तीस-चाळीस किलो जास्त भरलं तर फोम भिजलाय, आणि तो काढून बदलणं हे इंजिनापेक्षा मोठं काम आहे. त्या स्कीचं इंजिन मी बांधत नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी.

वजन बरोबर असेल तर इंजिनाचे माउंट बघा. चार रबरी माउंट ज्या नटांवर कसलेले असतात, ते नट बॉडीच्या फायबरमध्येच बसवलेले असतात. बोल्ट फिरवताना नटच जागेवर फिरायला लागला तर काम अवघड आहे. नुसतं माउंटचं रबर फाटलं असेल तर ते किरकोळ, पण त्याची नोंद ठेवा. देवबागच्या स्कीत मागचं उजवं माउंट फाटलेलं होतं आणि कपलिंगखाली, म्हणजे इंजिन आणि पंपाचा शाफ्ट जोडणाऱ्या सांध्याखाली, रबराचा काळा भुगा साचला होता. त्याचा अर्थ पुढे लागला.

"ओढत नाय" म्हणजे दर वेळी इंजिन नसतं

काही जण माझ्याकडे इंजिन बांधायला येतात आणि पंप दुरुस्त करून घेऊन जातात. जेटस्कीला पंखा नसतो, पंप असतो. खालच्या जाळीतून पाणी आत खेचायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं. आतला इम्पेलर, म्हणजे फिरणारी पाती, आणि त्याच्याभोवतीची वेअर रिंग, म्हणजे झिजणारं कडं, यांच्यात फट अगदी थोडी लागते, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. वाळू आणि बारीक खडी खाऊन ती वाढते. मग इंजिन ओरडतं, आरपीएम चढतात आणि स्की जागची हलत नाही. मालकाला वाटतं पिस्टन गेले.

फरक ओळखायचा असा: आरपीएम चढतात पण वेग येत नाही, तर पंप. आरपीएमच चढत नाहीत, तर इंजिन, कार्ब किंवा करंट. पंपात फीलर गेज घालून चारही बाजूंनी फट मोजा, इम्पेलरच्या पात्यांच्या कडा बोटाने चाचपा. वेअर रिंग बदलणं हे इंजिनाच्या खर्चाच्या मानाने काहीच नाही. यासाठीच मी ऑपरेटरांना सांगतो की स्कीच्या पोटाखाली निदान ६० सेंटिमीटर पाणी असल्याशिवाय थ्रॉटल दाबू नका. पुळणीवरूनच रेस करत निघणारा प्रत्येक जण पंपात वाळू भरत असतो. तीच वाळू थंड करणाऱ्या पाण्याच्या नळ्यांतही जाते, कारण यामाहाच्या स्कीत समुद्राचंच पाणी सिलिंडरभोवती फिरतं.

वायरिंगबद्दल फार लिहीत नाही. इलेक्ट्रिक बॉक्स उघडा. आत कोरडं असेल तर पुढे चला, हिरवा गंज चढला असेल तर सीडीआयची, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याची, किंमत हिशेबात धरा.

आता प्लग काढा

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते, बघायला फार सामान लागत नाही. या ७०१ सीसीच्या इंजिनात एनजीकेचा बीआर८एचएस प्लग बसतो, १४ मिलिमीटरच्या आट्याचा, त्यामुळे बाइकच्या गॅरेजमधला गेज चालतो. आधी सीट काढून दहा-पंधरा मिनिटं पोटात हवा खेळू द्या, कारण आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. प्लगच्या दोन्ही कॅप अर्थला टेकवा. मोकळ्या सोडल्या तर सीडीआय जळू शकतो आणि ठिणगी पडून आगही लागू शकते. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत सेल मारा. दोन्ही सिलिंडर, दोन-दोन वेळा.

माझ्या गेजवर या इंजिनाचा धडधाकट सिलिंडर १३० ते १५० पीएसआय दाब दाखवतो. १२० च्या खाली आला की रिंगा थकल्या असं समजतो, १०० च्या खाली आला की उघडावंच लागतं. पण गेज गेजात फरक असतो, म्हणून दोन सिलिंडरांमधल्या तफावतीवर जास्त लक्ष द्या. ती दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर आत काहीतरी घडलंय. देवबागच्या स्कीचे आकडे आले पुढचा १३४, मागचा ८८.

इथे बहुतेक जण पिस्टन मागवायला धावतात. मी त्याला बाकावर बसवला आणि चहा सांगितला. मला आधी कळायला हवं होतं की मागचाच सिलिंडर का गेला. इंजिन मेलं त्याचं कारण सापडेपर्यंत एकही पार्ट मागवू नका. कारण तसंच राहिलं तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाणार.

त्याने सांगितलं ते असं. मे महिन्यात, संध्याकाळची सुकती म्हणजे ओहोटी, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर. मागे एक जोडपं बसलेलं. स्कीचे आरपीएम आपोआप चढायला लागले, थ्रॉटल सोडला तरी उतरेनात, आणि दोनेक मिनिटांत इंजिन धाडकन बंद. कर्लीचं पाणी सुकतीला तिथे किती ओढतं, हे देवबागात सगळ्यांना माहीत आहे. स्की तोंडाबाहेर जायला लागली. जवळच्या होडीवाल्याने दोरी टाकली आणि भर वेगात ओढत किनाऱ्याला आणली. माणसं सुखरूप आली. स्की बारा दिवस माडाखाली पडून राहिली.

या चार वाक्यांत दोन दुखणी आहेत.

पहिलं, आपोआप चढणारे आरपीएम. टू-स्ट्रोकमध्ये याचा अर्थ बहुतेक वेळा एकच, इंजिन कुठून तरी जादा हवा ओढतंय. पेट्रोल आणि त्याच्याबरोबरचं ऑइल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला धरतो.

दुसरं, भर वेगात ओढणं. बंद स्की जोरात ओढली की पंपातून पाणी थंड करण्याच्या नळीत रेटलं जातं. इंजिन चालू नसल्याने सायलेन्सरमधून ते बाहेर फेकलं जात नाही. साचतं, भरतं आणि उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. बंद स्की ताशी आठ किलोमीटरच्या आतच ओढायची, म्हणजे माणूस भरभर चालेल तेवढ्या वेगाने. जोरात ओढणं भागच असेल तर पाण्याची नळी आधी क्लॅम्पने दाबून बंद करायची. दहा-वीस रुपयांचा क्लॅम्प प्रत्येक स्कीत सीटखाली बांधलेला असावा.

आणि पाणी शिरलंच, तर त्याच दिवशी काम करा. प्लग काढा, कॅप अर्थला लावा, भोकांवर फडकं धरून सेल मारा. फवारा थांबेपर्यंत पाणी बाहेर जाऊ द्या. मग दोन्ही भोकांतून थोडं टू-स्ट्रोक ऑइल ओता, प्लग लावा, इंजिन सुरू करा आणि गोड्या पाण्याची नळी जोडून चालू ठेवा. आधी इंजिन सुरू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटं केलं तर नळाचंच पाणी सिलिंडरमध्ये जाईल. काही तासांत एवढं केलं तर क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा, वाचतो. बारा दिवसांनी वाचत नाही.

हवा कुठून शिरते, ते शोधणं

यासाठी मी बीपी मोजायच्या जुन्या मशीनचा फुगा आणि काट्याचा गेज वापरतो. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, म्हणजे सहा पीएसआयला थोडं कमी, आणि टू-स्ट्रोकच्या तपासणीला साधारण तेवढाच दाब हवा असतो. एक्झॉस्ट आणि इनटेकच्या तोंडांवर जुन्या ट्यूबचं रबर ठेवून वर अॅल्युमिनियमची पट्टी कसायची, प्लग घट्ट लावायचे, आणि एका पट्टीला बसवलेल्या छोट्या नळीतून हवा भरायची. पाच मिनिटं काटा जवळजवळ हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी ब्रशने लावत फिरायचं.

आमचा काटा पाऊण मिनिटात २०० वर आला. साबणाचे बुडबुडे दिसले मागच्या बाजूला, कपलिंगच्या आतल्या क्रँकच्या सीलवर. एक-एक करून फुगत होते, मोहरीएवढे. आता सगळी माळ जुळली. माउंट फाटलं, म्हणून इंजिन एका बाजूला बसलं. कपलिंग आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत राहिले नाहीत, म्हणून रबर झिजून भुगा पडला. शाफ्ट थरथरत राहिला, त्याने सील खाल्लं. सीलमधून हवा शिरली आणि मागचा पिस्टन गेला. फक्त पिस्टन बदलून दिला असता तर नोव्हेंबरात हाच मुलगा पुन्हा त्याच संगमावर, मागे दुसरं कुणाचं तरी कुटुंब घेऊन, बंद स्कीवर बसलेला असता. त्याच्या वडिलांबरोबर मी होडीवर काम केलंय. मला ते करायचं नव्हतं.

हवेचं दुखणं सीलमध्ये सापडलं नाही तर पेट्रोलच्या नळ्या आणि कार्ब बघा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, जुन्या नळ्या आणि कार्बचे पडदे त्याने खराब होतात. नव्वदच्या दशकातल्या काही स्कींमधल्या राखाडी नळ्या आतून विरघळून हिरवट चिकटा धरतात आणि तो कार्बच्या जाळीत अडकतो. अशा स्कीच्या नळ्या न बघताच बदलायच्या. पावसाळ्यात टाकीत पेट्रोल भरून ठेवू नका.

सिलिंडर वाचायला शिका

इथपर्यंत इंजिन उघडलेलं नाही आणि खर्च जवळपास शून्य. आता हेड आणि सिलिंडर उचलायचा. गॅस्केटचा खर्च होणार, तेवढा मान्य करा.

पिस्टन तुम्हाला सगळं सांगतो. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर तापणं किंवा पेट्रोल कमी पडणं. चार कोपऱ्यांत चार पट्टे असतील तर पिस्टन सिलिंडरपेक्षा लवकर फुगला, म्हणजे थंड इंजिन एकदम रेस केलं किंवा बोअर करताना फट कमी ठेवली. डोक्याला भोक असेल तर ते डिटोनेशन, म्हणजे आतलं मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम फुटणं. आमच्या मागच्या पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूने बोटभर रुंद ओरखडा होता आणि वरची रिंग खाचेत चिकटून बसली होती.

सिलिंडरच्या भिंतीवर चंदेरी लेप दिसतो, तो वितळून चिकटलेल्या पिस्टनचा अॅल्युमिनियम. पुष्कळदा सिलिंडर गेला असं वाटतं आणि तो फक्त माखलेला असतो. लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी, बिडाचं असेल तर हातमोजे आणि चष्मा घालून, उघड्यावर, कानकोरणीच्या कापसाने फक्त त्या लेपावर पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिड लावा. फेस येतो, लेप सुटतो. मग भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच ऑइल फिरवा, नाहीतर डोळ्यांदेखत गंज चढतो. अॅसिड बाहेरच्या अॅल्युमिनियमला लागू देऊ नका. आता नखाने तपासा. नख अडकत नसेल तर होनिंग, म्हणजे आतून हलकं घासणं, पुरेल. अडकलं तर बोअर, म्हणजे भोक कापून मोठं करणं.

आमचं अडकलं. मूळ बोअर ८१ मिलिमीटर. पुढचा पिस्टन ८१.२५ चा, मग ८१.५०, असं पाव-पाव मिलिमीटरने वर जाता येतं, ८२ पर्यंत. म्हणून जुना पिस्टन काढल्यावर त्याच्या डोक्यावर कोरलेलं माप वाचा, नसेल तर मायक्रोमीटरने मोजा. आधीच ८२ चा असेल तर तो सिलिंडर शेवटच्या टप्प्यावर आहे. बोअरचं काम मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतो, फोंडा घाटातून पार्सल जातं. पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर पाठवू नका. कारागिराने प्रत्यक्ष पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करायला हवा. काही इंजिनांत लायनर नसतं, सिलिंडरला आतून कडक मुलामा असतो. ते असं बोअर होत नाही, आणि त्यांचा निर्णय बहुधा तिथेच लागतो.

शेवटी सगळं क्रँकवर येतं

टू-स्ट्रोक स्कीचा क्रँक तुकड्या-तुकड्यांनी दाबून जोडलेला असतो. बेअरिंग काढून दुसरं घालायचं तर प्रेस लागतो, आणि परत जोडल्यावर डायल गेजवर तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सरळ करावा लागतो. हे काम नीट करणारी माणसं फार थोडी. म्हणून वरचं इंजिन कितीही खराब असलं तरी मी घाबरत नाही. क्रँक खराब असेल तर वही काढतो.

क्रँक असा बघा. पिस्टन काढल्यावर कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढा. वर-खाली खेळ अजिबात नको, बाजूला थोडा हलणारच. मग कपलिंग हाताने सावकाश फिरवा आणि डोळे मिटा. चांगलं बेअरिंग तुपासारखं फिरतं. गंजलेलं बेअरिंग खसखस वाटल्यासारखं हाताला लागतं. पाणी शिरलेल्या अवस्थेत सेल मारला असेल तर क्रँक पिळलेलाही असू शकतो. या इंजिनात एक पिस्टन अगदी वर असताना दुसरा अगदी खाली हवा. डायल गेजने ताडून घ्या.

आमच्या क्रँकच्या खालच्या बेअरिंगवर टॉर्च धरला. एका बाजूला ओळीने तांबूस ठिपके. पाणी जिथे बारा दिवस साचून होतं, नेमकी तीच रेघ. फिरवलं तर खसखस.

वहीतला हिशेब

बहुतेक जण बांधणीचा खर्च नव्या स्कीच्या किमतीशी ताडतात आणि म्हणतात, नवीच्या मानाने स्वस्तच की. हा हिशेब फसवतो, कारण बांधून झाल्यावर तुमच्याकडे नवी स्की येत नाही. जुनीच चालू होते. खरी तुलना वेगळी. हीच स्की, याच वयाची, चालू स्थितीत किनाऱ्यावर कितीला जाईल? आणि आज बंद स्थितीत कितीला जाईल? या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या खर्चाची शेवटची मर्यादा.

आमच्यात चालू स्कीला सव्वादोन लाख आले असते, बंद स्कीला चाळीस हजार. फरक १,८५,०००. आता खर्च: दोन पिस्टन, रिंगा, गॅस्केट आणि बोअरिंग ३८,०००. बाहेरून मागवलेला क्रँक, कस्टमसकट, ५५,०००. सील, पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बचे किट १४,०००. वेअर रिंग आणि माउंट ११,०००. बॅटरी ५,०००. माझी मजुरी १५,०००. बेरीज १,३८,०००. त्यावर मी नेहमी पंधरा टक्के धरतो, कारण जुन्या स्कीत एखादा बोल्ट तुटतोच आणि एखादा पार्ट चुकीचा येतोच. म्हणजे १,५९,०००. फरकापेक्षा सव्वीस हजार कमी. कागदावर परवडतं, पण जेमतेम, आणि क्रँक यायला दीड महिना. म्हणजे दिवाळी हुकण्याची भीती, आणि आमच्याकडे दिवाळीचे आठ-दहा दिवस म्हणजे हंगामाचा कणा.

धंद्याची स्की नसून घरची, हौसेची असती तर मी वेळेची पर्वा केली नसती. हौसेला स्वतः हाताने बांधणाऱ्याचा मजुरीचा आकडाही जातो. मात्र टॉर्क रेंच आणि फ्लायव्हील पुलर नसेल तर हात घालू नका. छिन्नी-हातोड्याने काढलेलं फ्लायव्हील म्हणजे आणखी एक क्रँक.

मी त्याला तिसरा रस्ता सांगितला. गोव्यात माझ्या ओळखीच्या कारागिराकडे याच इंजिनाची एक स्की पडून होती. बॉडी फोम भिजून पन्नास-एक किलो जड झालेली, म्हणून कुणी घेत नव्हतं. आम्ही गेज आणि बीपीचा फुगा घेऊन गेलो. कॉम्प्रेशन १३८ आणि १३६, क्रँक तुपासारखा. सगळी स्की ६०,००० ला मिळाली. त्यात क्रँक, सिलिंडर, कार्ब, सीडीआय, पंप, सगळं दोन-दोन झालं. बोअरिंग वाचलं, मागवायला लागल्या फक्त रिंगा, गॅस्केट, सील आणि नळ्या. माउंट आणि वेअर रिंग मात्र नवीच घातली. जुन्या स्कीत बहुतेक वेळा हेच उत्तर निघतं: एकीची बॉडी, दुसरीचं इंजिन. तुमच्या मॉडेलचं इंजिन पुष्कळ स्कींमध्ये बसत असेल तर बांधणीला अर्थ आहे. दुर्मिळ मॉडेल असेल तर आजच विका.

फोर-स्ट्रोक असेल तर

२००२ पासून फोर-स्ट्रोक स्की आल्या. आमच्या किनाऱ्यावर २००५ नंतरच्या १०५२ सीसीच्या यामाहा व्हीएक्स दिसतात. त्यांची पहिली तपासणी म्हणजे ऑइलची काडी. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. सेल न मारता आधी प्लग काढा, आणि त्याच दिवशी तीन-चार वेळा ऑइल बदलून चालवा. कॉम्प्रेशन कमी आलं तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. नुसतं हेडचं काम असेल तर करा. खालच्या भागापर्यंत गेलं असेल तर पार्ट जोडत बसू नका, चालू स्थितीतलं जुनं पूर्ण इंजिन शोधा. सुपरचार्जर असलेली जुनी स्की धंद्याला घेऊच नका, हे माझं स्पष्ट मत.

बांधल्यावर

इंजिन बसवताना कपलिंग आणि शाफ्टची रेषा लोखंडी पट्टी लावून जुळवली. दोन तास त्यातच गेले, पण आधीचं इंजिन मेलं होतं तेच मुळी या रेषेपायी. पहिली टाकी, ऑइल पंप चालू ठेवूनही, पेट्रोलमध्ये वर ऑइल मिक्स करून घातली, लिटरला २० मिलीलिटर. धूर होतो, होऊ द्यायचा. पहिले दोन तास थ्रॉटल अर्ध्यावर, सारखा कमी-जास्त करत, एका जागी धरून नाही. आणि संगमावर नाही. खाडीत, आतल्या बाजूला, दुसरी होडी बरोबर घेऊन.

ऑक्टोबरात दहा तास झाल्यावर तो परत आला. प्लग काढले तर दोन्ही तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचे. गेज लावला. पुढचा १४२, मागचा १४०. मी सीटच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि दोन्ही आकडे लिहिले, खाली पुढच्या तपासणीसाठी जागा सोडली, आणि पाण्याच्या नळीशेजारी क्लॅम्प बांधून दिला.